भोंगाताईला कविता कळली

भोंगाताईला आयुष्यात एकच कविता कळली, पण ती अशी कळली की सबंध बसस्थानक जागचं उठलं. ही नुसती बोलायची पद्धत नाही, खरोखर उठलं. पिशव्या, वळकट्या, कडेवरची पोरं, अर्धवट खाल्लेली बिस्किटं, सगळ्यांसकट उठलं आणि आपापली गाडी शोधायला लागलं. आता हे कसं झालं ते नीट सांगायचं तर आधी भोंगाताई कोण ते सांगायला हवं.

बसस्थानकात चौकशीच्या खिडकीच्या वर एक काचेची खोली होती. लोखंडी जिना चढून जायचं. आत एक टेबल, टेबलावर माईक, माईकच्या बुडाशी बटण, बाजूला टेलिफोन आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. काचेतून खालचे सगळे फलाट दिसायचे. तिथे बसून भोंगाताई कोणती गाडी कुठे लागली ते सांगायची आणि छपराखालचे भोंगे ते गावभर करायचे. कागदोपत्री ती उद्घोषिका होती, पण इतका अवघड शब्द कुणाच्या जिभेवर बसणार? ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, रोजचे उतारू, झाडून सगळे तिला भोंगाताई म्हणायचे. सुरुवातीला तिला राग यायचा. पुढे पुढे कुणी खऱ्या नावाने हाक मारली की तीच इकडेतिकडे बघायला लागली.

कामाची तिची एक रीत होती. नवीन लागली तेव्हा आधीच्या बाईंनी तिला बजावलं होतं की माईकवर घाबरलीस तर लोक धावतात आणि पडतात, रडवेली झालीस तर ऐकत उभे राहतात आणि गाडी चुकते, हसलीस तर बाकावरून हलतच नाहीत. म्हणून नुसतं सांगायचं. भोंगाताईने हे इतकं मनावर घेतलं की माईकसमोर तोंड आलं की तिचा आवाज आपोआप सपाट व्हायचा. एकदा वर्कशॉपमागे टायरच्या ढिगाने पेट घेतला, तेव्हासुद्धा तिने शांतपणे लोकांना पलीकडच्या दाराने बाहेर जायला सांगितलं. कुणाच्या बोटालाही चटका बसला नाही.

मात्र नियमाबाहेरचंही ती पुष्कळ बोलायची. "विणकामवाल्या आजी, उठा. तुमची गाडी पाण्याच्या नळासमोर लागली आहे. सावकाश या, ड्रायव्हर थांबला आहे." असलं काहीतरी दिवसातून कितीदा तरी. या आजी मुलीकडे जायला रोज दुपारी यायच्या, बाकावर बसून लोकर विणायच्या आणि विणता विणता डुलक्या काढायच्या. डोळ्यांनी पाटी दिसत नव्हती. त्यांना भोंगाताईचा आवाज म्हणजेच गाडी. तसेच एक काठीवाले बाबा होते, त्यांना मुळीच दिसायचं नाही. कचेऱ्या झाडून दमलेली एक बाई होती, ती बाकावर बसली की मेल्यासारखी झोपायची आणि फक्त "झाडूवाल्या ताई" एवढ्यानेच जागी व्हायची. आगाराच्या साहेबांना हे नियमाबाहेरचं सगळं ऐकू यायचं, पण ते न ऐकल्यासारखं करायचे. एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

कवितेशी मात्र भोंगाताईचं जन्माचं वाकडं. शाळेत असताना गुरुजींनी तिला उभं करून कविता म्हणायला लावली होती. तिने म्हटली. गुरुजी म्हणाले, अगं ही कविता आहे, बाजाराची यादी नव्हे. वर्ग खो खो हसला आणि त्या दिवशी जी तिने कवितेकडे पाठ फिरवली ती कायमची. कुणी कविता म्हणायला लागलं की ती उठून चहा टाकायला जायची. लोकांना कविता ऐकून काय होतं, कशाने होतं, हे तिच्या डोक्यावरून जायचं, आणि ते जातं याची तिला लाज वाटायची.

अशात आगारात बातमी आली. पुढच्या महिन्यापासून गाड्यांची नावं यंत्र सांगणार. त्यात गाडीचं नाव लिहिलं की ते बोलतं, त्याला तहान लागत नाही, सुट्टी लागत नाही. भोंगाताईला पार्सलच्या खिडकीवर बसवणार. पगार तोच राहणार होता, त्यामुळे घरच्यांना यात तोंड पाडण्यासारखं काही दिसेना. पण भोंगाताईला ते पटेना. घरात तिचं कोण ऐकत होतं? मुलगा परगावी, नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून बसला की कानही बंद. इथे ती बोलली की माणसं हलायची, गाड्या हलायच्या. ती काचेची खोली जाणार म्हणजे तिचा आवाजच काढून घेणार, असं तिला वाटलं, आणि वाटलं ते खरंच होतं.

तिच्या बाजूने सगळ्यात जास्त कोण पेटलं असेल तर मिशा. मिशा म्हणजे एक जुना कंडक्टर. मिशी त्याच्या आधी गाडीत चढायची म्हणून हे नाव. त्याने डोकं लढवलं. महिन्याच्या मध्याला आगाराचं स्नेहसंमेलन होतं, त्याला वरच्या कचेरीतले मोठे साहेब येणार होते. हे मोठे साहेब फार हळवे. मागच्या वर्षी एका ड्रायव्हरने आईवरचं गाणं म्हटलं तर त्यांनी रुमाल काढला होता आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या ड्रायव्हरची घराजवळ बदली झाली होती. तेव्हा भोंगाताईने एक दुःखी कविता म्हणायची, म्हणता म्हणता रडायचं, साहेबांना रडवायचं, की यंत्र परत गेलंच म्हणून समजा. सगळ्या आगाराने मान डोलावली. भोंगाताईला मात्र शाळेतले गुरुजी आठवले.

ती गेली नणंदेकडे. नणंद शाळेत भाषा शिकवायची, लग्न केलं नव्हतं, दोन गल्ल्या सोडून राहायची आणि वहिनीला चिडवण्याची एकही संधी सोडायची नाही. पण वेळेला धावून यायची. तिने सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसली, मग कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं आणि म्हणाली की हीच कविता हवी, उद्या तोडलं जाणारं झाड बोलतंय. ही कविता ती वर्षानुवर्षं वर्गात शिकवत होती. ती अशी होती:

उद्या येतील ते लोक
दोर, कुऱ्हाड घेऊन;
अजून आहे उजेड,
अजून आहे हे ऊन.

उठा, आवरा आपुले,
मागे काही नको राहो;
माझ्या पडण्याचा भार
कुणाच्या न अंगी येवो.

पलीकडे आहे झाड,
थोडे ठेंगणे ते खरे;
जागा देईल ते सुद्धा,
त्याला सांगितले सारे.

नणंदेने अर्थ सांगितला. झाड लाकूडतोड्यांना विनवतंय. बाबांनो, उठा, आपले दोर, कुऱ्हाडी आवरा आणि जा, मला जगू द्या. दयेची भीक मागतंय. आता वहिनी, झाडाच्या जागी तू, लाकूडतोड्याच्या जागी मोठे साहेब, बस, सुरू कर. भोंगाताईने पाठ करायला घेतलं. पाठांतराची तिला भीती नव्हती, अख्खं वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं. भीती रडण्याची होती. नणंदेने "माझ्या पडण्याचा भार" या ओळीला हुंदका द्यायला सांगितला. भोंगाताईने दिला. आतल्या खोलीतून नवरा भिंगासकट बाहेर आला आणि घशात काही अडकलं का म्हणून पाणी देऊन गेला.

रडण्याचं एक वेळ जमलंही असतं. खरा घोटाळा पुढेच होता. तिसऱ्या कडव्याशी आली की भोंगाताई अडायची आणि तिचा पारा चढायचा. हे झाड लाकूडतोड्यांना सांगतंय की पलीकडे दुसरं झाड आहे? म्हणजे मला सोडा आणि त्याला तोडा? आणि तेही बिचारं लहान, ठेंगणं? वर आणखी "त्याला सांगितले सारे" म्हणे. स्वतःचा जीव वाचवायला शेजाऱ्याला पुढे करणारं हे कसलं झाड! नणंद म्हणाली कवितेत असं चालतं, इतकं खोलात जायचं नसतं. भोंगाताई म्हणाली, वन्सं, असल्या झाडासाठी मी टिपूस काढणार नाही. नणंद म्हणाली तुझ्यापुढे डोकं फोडून घेतलं तरी तुला कविता कळायची नाही. दोघी फुगल्या. तरी भोंगाताईचं मन काही सुटेना. जेवताना, कपडे वाळत घालताना, जिना चढताना त्याच ओळी तोंडात. जळलं मेलं ते झाड, पण असं का बोललं ते?

आणि मग ती दुपार आली.

रणरणतं ऊन, पंखा कुरकुरतोय, खाली सगळं बसस्थानक पेंगलेलं. इस्पितळाकडची गाडी उशिरा येणार म्हणून भोंगाताईने नुकतंच सांगितलं होतं. सांगून झालं की बटण पुन्हा दाबून माईक बंद करायचा, हे तिने इतकी वर्षं झोपेतसुद्धा चुकवलं नव्हतं. त्या दिवशी चुकवलं. डोकं त्या झाडात होतं ना! हात जेवणाच्या डब्याकडे गेला, नजर छताकडे गेली आणि तोंड तिथेच माईकसमोर राहिलं. ती कविता पुटपुटायला लागली. आणि माईकसमोर तोंड असलं की आवाज कसा निघायचा ते तुम्हाला ठाऊकच आहे. हुंदका नाही, कंप नाही, सपाट. उद्या येतील ते लोक. दोर, कुऱ्हाड घेऊन.

खाली दोघाचौघांनी मान वर केली. भोंग्यातून निम्मे शब्द नेहमीच गिळले जातात, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. अजून आहे उजेड. लोक ऐकायला लागले. उठा, आवरा आपुले, मागे काही नको राहो. इथे मात्र बाकांवर चुळबुळ झाली. एकाने गाठोडं उचललं, त्याचं बघून दुसऱ्याने ट्रंक उचलली. एका बाईने पोराच्या पाठीत धपाटा घालून त्याला बूट घालायला लावले. झाडूवाल्या ताई खडबडून जाग्या झाल्या. आजींनी लोकरीचा गुंडा पिशवीत कोंबला. पलीकडे आहे झाड, असं आलं तशी सगळी गर्दी पलीकडच्या फलाटांकडे वळली. काठीवाले बाबा काठी आपटत सर्वांच्या पुढे. आणि जाताना प्रत्येक जण मागे वळून बाकाखाली बघून घेत होता की आपलं काही राहिलं तर नाही ना.

भोंगाताईची नजर खाली गेली आणि तिला वाटलं पुन्हा आग लागली. सगळं स्थानक उभं! मग तिला माईकवरचा लाल दिवा दिसला, म्हणजे माईक चालूच होता. आता साहेब, आता चौकशी, आता काही खरं नाही. हात बटणाकडे गेला, आणि मधेच थांबला. कारण तिने खाली बघितलं ते काय होतं? माणसं उठली होती. आपापलं आवरत होती. पलीकडे निघाली होती. कुणी त्यांना कवितेचा अर्थ सांगितला नव्हता. झाडाने सांगितलं तेवढं त्यांनी केलं होतं.

लाकूडतोडे उद्या येणार आहेत. आज ते तिथे आहेतच कुठे? मग झाड बोलतंय कुणाशी? आज त्याच्या अंगावर कोण बसलंय?

"अगं बाई, ते पाखरांना सांगतंय!" भोंगाताई ओरडली.

माईक अजून चालूच होता. त्या स्थानकाने तिचा असा आवाज पूर्वी कधीच ऐकला नव्हता. हमालांच्या डोक्यावरची ओझी डुगडुगली. तिने घाईघाईने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि ताबडतोब नेहमीच्या आवाजात सांगितलं की उतारूंनी कृपया खाली बसून घ्यावं, इस्पितळाकडची गाडी अजून आलेली नाही. लोक पुटपुटत बसले. मिशा खालून हातवारे करत विचारत होता की काय झालं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने नणंदेच्या शाळेला फोन लावला.

शिपायाने नणंदेला वर्गातून बोलावून आणलं. कुणाला काही झालं का म्हणून ती धापा टाकत आली. भोंगाताईने नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम सुरुवात केली. झाड लाकूडतोड्यांशी बोलतच नाहीये. ते आपल्या फांद्यांवरच्या पाखरांना उठवतंय. अजून उजेड आहे तोवर निघा म्हणतंय. नणंदेने ओळी मनातल्या मनात म्हणून बघितल्या. मग म्हणाली, थांब, दुसरं कडवं परत म्हण. भोंगाताईने म्हटलं. आणि पलीकडून नणंद अशी किंचाळली की तिच्या खोलीतल्या इतर शिक्षकांच्या हातातले कप हलले असतील.

"वहिनी, भार! पडण्याचा भार! ते स्वतः पडायला घाबरत नाहीये गं, आपण पाखरांच्या अंगावर पडू म्हणून घाबरतंय!"

हे भोंगाताईच्या लक्षात आलं नव्हतं. आता तीही किंचाळली. मग दोघींनी तिसरं कडवं घेतलं. दुसऱ्या झाडाला पुढे केलंच नव्हतं, त्याच्याकडे पाखरांची सोय लावली होती. तेही आधी बोलून, ठरवून. किती चांगलं झाड होतं ते, आणि आपण त्याला काय काय बोललो. दोन्ही टोकांना दोन बायका एकदम बोलत होत्या आणि एकमेकींचं सगळं ऐकू येत होतं. भोंगाताईला वाटलं, जिन्यावरून खाली धावत जावं आणि दिसेल त्याला हलवून सांगावं की मला कळली, मला कविता कळली. पण तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांनी चांगलंच झापलं. सरकारी माईक, बेजबाबदारपणा, तक्रारी, वगैरे वगैरे. भोंगाताई मान खाली घालून हसू दाबत उभी होती. साहेबांचं बोलून झालं, पाणी पिऊन झालं, मग त्यांनी दार बंद आहे ना ते बघितलं आणि हळूच विचारलं की ते पाखरांचं काय होतं? तिने अख्खी कविता अर्थासकट सांगितली. साहेबांनी तिला पुन्हा असं न करण्याची ताकीद देऊन सोडलं आणि नंतर बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.

संध्याकाळी नणंद धावतच घरी आली. रुसवा कधीच विरला होता. दोघींनी कविता इतक्यांदा म्हटली की नवऱ्याने कानात कापूस घातला. आता एकदा कळलं म्हटल्यावर भोंगाताईला कोण आवरणार? म्हणाली, बघा वन्सं, उगाच मला हुंदके द्यायला लावत होता. झाड रडतच नाहीये. नणंद म्हणाली, रडू तर त्याला येतच असेल गं. भोंगाताई म्हणाली, मुळीच नाही, ते कामात आहे, त्याला रडायला वेळ कुठे? नणंदेने वाद घातला नाही. चहाचा कप खाली ठेवून तिने नुसतं विचारलं:

"मग तुझी पाखरं कोण, वहिनी?"

भोंगाताईचं हसू तिथेच थांबलं. पाखरं कोण, हे विचारायला हवं होतं का? आजी, काठीवाले बाबा, झाडूवाल्या ताई. पहिल्या तारखेला यंत्र बोलायला लागलं की या सगळ्यांचं काय? आपण इतके दिवस स्वतःच्या खुर्चीसाठी झुरलो, त्यांचा विचार एकदाही केला नाही. आणि दुसरं झाड? ते कोण, हे नणंदेने सांगायच्या आधीच तिला कळलं आणि तिचं तोंड कडू झालं. यंत्र. ठेंगणं, बिनडोक, गोड गोड बोलणारं ते यंत्र. त्याच्याशी ती शब्द बोलणार नव्हती. त्याला सगळं सांगायचं, आपली माणसं त्याच्या हवाली करायची? नणंद गेल्यावर कितीतरी वेळ ती ताट समोर घेऊन नुसती बसून राहिली.

स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला. आगाराच्या आवारात मांडव, खुर्च्या, पहिल्या रांगेत मोठे साहेब. कठड्यापलीकडे नेहमीचे उतारू मान उंच करून बघत होते. मिशाने भोंगाताईच्या हातात धुतलेला रुमाल दिला आणि "पडण्याचा भार" या ओळीचा हुंदका विसरू नकोस म्हणून दहादा बजावलं. ती मंचावर गेली. समोर माईक होता. तिने साहेबांकडे बघून सुरुवात केली खरी, पण "उठा" आलं आणि मान आपसूक कठड्याकडे वळली. तिने ती कविता त्या लोकांना सांगितली. आपल्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द कळेल असा. कठड्याशी टेकून बसलेले काठीवाले बाबा शेवटच्या कडव्याला उठून उभे राहिले.

मोठे साहेब रडले नाहीत. रुमालही काढला नाही. मिशाने कपाळावर हात मारला. पण साहेबांनी टाळ्या थांबल्यावर तिला जाऊ दिलं नाही. म्हणाले की त्या माईकवर बसणाऱ्या बाई याच ना? त्यांची काही मागणी असेल तर इथेच सांगावी. असं कुणाला विचारत नाहीत हो! सबंध आगाराने श्वास रोखला. मिशा खालून ओठांनी शब्द जुळवत होता, खुर्ची, खुर्ची. "मला तिथेच राहू द्या" हे जिभेच्या टोकावर होतं, आणि ती म्हणाली असती तर कदाचित झालंही असतं. पण कदाचित झालं नसतं तर? मग यंत्र तसंच येणार, आणि आजी बाकावर तशाच डुलकी घेत बसणार. मागता येणार होतं ते एकच, दोन नाही.

"साहेब, यंत्र यायचंच असेल तर त्याला शिकवायला मला बसू द्या. ते एकदाच बोलतं आणि गप्प होतं म्हणे. इथे म्हातारी माणसं आहेत, त्यांना उठायला वेळ लागतो."

मोठ्या साहेबांनी एकदा कठड्याकडे बघितलं. मग बरं म्हणाले. खाली उतरल्यावर मिशा तिच्याशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही, त्याने तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

पुढचे दिवस मात्र भोंगाताईला नुसतं उधाण आलं होतं. यंत्रवाला तंत्रज्ञ आला, तिने त्याला खुर्चीला खिळवून ठेवलं. प्रत्येक गाडी दोनदा सांगायची, मधे थांबायचं. नुसता फलाटाचा आकडा नको, पाण्याच्या नळासमोर, वजनकाट्याजवळ, असं म्हणायचं, म्हणजे पाटी न दिसणाऱ्यालाही कळेल. तंत्रज्ञ म्हणाला यंत्रात आजींची सोय नाही. ती म्हणाली, नळाची तर आहे ना? तो हसला आणि लिहायला बसला. यंत्राच्या तोंडून "पाण्याच्या नळासमोर" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. शत्रूला शिकवताना एवढा आनंद होतो हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या वेळात ती खाली जायची, एकेकाला गाठायची, नवा आवाज ऐकवायची. झाडूवाल्या ताईंना तिने शेजारच्या फळवाल्याजवळ बसायला लावलं आणि उठवण्याचं काम त्याच्या गळ्यात घातलं. काठीवाल्या बाबांना वजनकाट्यापर्यंत हाताला धरून नेलं, मग हात सोडून नेलं. आजी सगळ्यात हट्टी. ही कोण बाई, हिला मी कोण ते माहीत नाही, म्हणून रुसून बसल्या. भोंगाताई म्हणाली, नसेना का माहीत, गाडी तुमचीच आहे. नळ म्हटलं की उठायचं. आजी रोज विसरायच्या आणि ती रोज सांगायची.

पहिली तारीख उजाडली. भोंगाताई पार्सलच्या खिडकीत बसली. वजन करायचं, शिक्का मारायचा, दोरी नीट आहे का बघायचं. वरून यंत्रातल्या नव्या बाईचा साखरेत घोळलेला आवाज येत होता. दुपारी आजी आल्या, नेहमीच्या बाकावर बसल्या, लोकर काढली, आणि डोळे मिटले. भोंगाताईच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. गाडी लागली. आवाज आला, पाण्याच्या नळासमोर. आजी हलल्या नाहीत. मधला तो थांबण्याचा वेळ, जो तिने स्वतः भांडून घालून घेतला होता, तो तिला संपता संपेना. हाक मारायला तिचं तोंड उघडलं होतं. मग आवाज दुसऱ्यांदा आला, पाण्याच्या नळासमोर, आणि आजींनी डोळे उघडले. लोकर पिशवीत घातली. बाकाखाली बघितलं. उठल्या आणि चालायला लागल्या, काचेच्या खोलीकडे नाही, पार्सलच्या खिडकीकडे नाही, सरळ नळाकडे. ड्रायव्हरने हात दिला, त्या चढल्या, आणि गाडी गेली.

भोंगाताईने समोरच्या गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं आणि शाळेला फोन लावला. नणंद फोनवर आल्या आल्या ती ओरडलीच की गेल्या, वन्सं, आजी एकट्या उठल्या आणि गेल्या. नणंदही तिकडे ओरडली. मग विचारलं की जाताना तुझ्याकडे बघितलं का गं त्यांनी? भोंगाताई म्हणाली नाही, एकदासुद्धा नाही. आणि इतका वेळ उड्या मारणारा तिचा आवाज एकदम बसला.

"वन्सं, तुमचं खरं होतं," ती म्हणाली. "झाडाला रडू येतच असणार. पाखरं लांब जाईपर्यंत ते थांबलं असेल."